तिसऱ्या टाकीतलं पाणी

माझी बायको माशांमधली अंतरं मोजते, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे टक लावून पाहतो आणि मग घाईघाईनं कॉफीचा पेला तोंडाला लावतो, म्हणजे हसू लपतं. हसा बापडे! मी स्वतः चौतीस वर्षं सर्व्हे खात्यात साखळ्या ओढत तिरुप्पनंदाळपासून साक्कोट्टैपर्यंतची शेतं मोजली, त्या कामाला कुणी कधी हसलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या मोजण्यानं दोन भावांची भांडणं फार तर पुढच्या पिकापर्यंत थांबली. वेदवतीच्या मोजण्यातून पाण्याला काय झालंय ते कळतं. पाणी वरून नितळ दिसत असताना, त्याला वास नसताना, एकही मासा मेलेला नसताना कळतं. एकेचाळीस वर्षं तिच्याबरोबर संसार करूनही तिच्या बुद्धीपुढे मी रोज नव्यानं थक्क होतो, आणि हे तिच्या तोंडावर बोललो की ती म्हणते, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, "कॉफी निवते."

मराठ्यांच्या राज्यात कुंभकोणमला येऊन राहिलेल्या माध्व घरांपैकी आमचं एक. गावातले लोक मला रायर म्हणतात, नाव व्यासराज. बाहेर तमिळ, घरात आमची मराठी. ती ऐकून पुण्याची सूनबाई चैत्रा पहिल्या दिवशी ओठ आवळून हसू दाबत होती, मग न राहवून म्हणाली, "बाबा, तुम्ही अगदी बखरीतल्यासारखं बोलता." हे लिहिताना मी तिच्याच वळणाची मराठी वापरतो आहे, आमच्या बोलण्याला मात्र हात लावलेला नाही.

वेदवती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात मागच्या पडवीत काचेच्या तीन टाक्या आल्या. आमच्या परसामागून एक अरुंद कालवा वाहतो. त्याच्या काठानं पितळी समया ओतणारी सातआठ कारखानी घरं आहेत. ओतलेली समई साच्यातून काळीकुट्ट निघते, तिला आम्लात बुडवून धुतात आणि मग ती सोन्यासारखी उजळते; ते धुतलेलं पाणी कालव्यात जातं. त्या पाण्यात तांबं असतं, जस्त असतं. एवढं मलाही ठाऊक होतं. वेदवतीचा प्रश्न पुढचा होता. धातूमुळे मासा मरतो तेव्हा सगळ्यांनाच कळतं, पण मरण्याच्या कितीतरी आधी माशांचं एकमेकांशी वागणं बदलतं का?

साक्कोट्टैच्या देवळाच्या तळ्यातून तिनं मासे आणवले. केंडै म्हणतात त्यांना इथे, बोटभर लांब, चंदेरी, कायम घोळक्यानं फिरणारे. प्रत्येक टाकीत बारा. पहिल्या टाकीत कालव्याचं पाणी जसंच्या तसं. दुसरीत कालव्याचं अर्धं, चांगलं अर्धं. तिसरीत नुसतं चांगलं पाणी, ज्याच्याशी बाकीच्या दोन्ही ताडून बघायच्या. आणि चांगलं पाणी म्हणजे कुठलं, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडायचं कारणच नव्हतं. आमच्या विहिरीचं!

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे सोवळं कडक. मुंज झाली त्या दिवसापासून मी घरच्या विहिरीचं, ओलेत्यानं स्वतः ओढलेलं पाणी सोडून दुसरं पाणी प्यायलो नव्हतो. नळाला तोंड लावलं नव्हतं, बाटली उघडली नव्हती. इन्नंबूरच्या शेतांत ऐन उन्हात मोजणी चालायची तेव्हाही घरून नेलेला तांब्या पुरवून पुरवून प्यायचो आणि तो संपला की जीभ टाळ्याला चिकटेपर्यंत तसाच राहायचो. वडिलांना शब्द दिला होता, दुसरं काय. वेदवतीनं नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे सोडलं. "चार तास बोलून घसा वाळतो, तेथें कसलें सोंवळें," असं सासऱ्यांना सरळ सांगण्याची हिंमत तिनं दाखवली आणि तेव्हापासून ती गावाचं नळाचं पाणी पिते. मला तिचा राग आला नाही. कौतुकच वाटलं. आणि तिनंही माझ्या पाण्याची कधी थट्टा केली नाही.

म्हणून जेव्हा ती म्हणाली, "तिसऱ्या टाकींत तुमचें पाणी घालूं. याहून शुद्ध मला कोठें मिळणार?" तेव्हा माझी छाती किती फुगली ते काय सांगू. बाईंच्या शास्त्रात आमच्या सोवळ्याला जागा मिळाली! रोज सकाळी देवाचं पाणी ओढून झालं की दोन कळशा तिच्या टाकीसाठी ओढायच्या, हे माझं काम ठरलं.

प्रत्येक टाकीच्या वर तिनं छोटा कॅमेरा टांगला होता. दर अर्ध्या तासानं एक मिनिट चित्रण व्हायचं. तिची जुनी विद्यार्थिनी श्रीरंजनी ते सगळं घरी नेऊन संगणकावर एकेका माशापासून त्याच्या सर्वांत जवळच्या माशापर्यंतचं अंतर काढायची. आमच्यातलीच मुलगी, मला मामा म्हणते, कामाला वाघीण. त्या दोघी आकड्यांवर वाकलेल्या असल्या की मी मुद्दाम कारण काढून तिथे रेंगाळायचो.

"हें बघा," एकदा वेदवतीनं मला जवळ बोलावून पहिल्या टाकीतला मासा दाखवला. त्याच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ होती. "शेजारचा मासा हलला कीं पाणी हलतें. तें या रेघेला लागतें. डोळे मिटले तरी शेजारी कोण आहे, किती लांब आहे, तें याला कळतें. तांबें पहिल्यांदा हिलाच बधिर करतें."

"म्हणजे त्याला एकटें वाटतें?"

ती विचारात पडली. कुठलाही प्रश्न ती हसण्यावारी नेत नाही, अडाण्याचाही नाही. "एकटें वाटत असेल असें नाहीं," ती म्हणाली. "आपण लांब गेलों हें त्याला कळतच नसेल."

तसंच झालं. पाचव्या दिवशी पहिल्या टाकीतला घोळका विस्कटला. मासे खात होते, पोहत होते, अंगावरची चकाकीही तशीच होती, पण कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. एकमेकांवर आदळायचे आणि तरी वळून बघायचे नाहीत. आठव्या दिवशी दुसरी टाकी. तिसऱ्या टाकीत मात्र आमचे बाराच्या बारा एका अंगानं वळत होते. मी कालव्याकाठच्या चंद्रमौळीला बोलावून आणलं. त्याचा हात असा की त्यानं ओतलेल्या समईला कानस लावावी लागत नाही. अशा माणसाला वेदवतीनं काही न लपवता सगळं सांगितलं. तो बराच वेळ पहिल्या टाकीसमोर उभा राहिला, मग तिसरीसमोर. जाताना म्हणाला, "रायरे, धुण्याचं पाणी आम्ही वेगळं साठवू. कसं ते अम्मांनी सांगावं." कुणाला न दुखावता, आवाज न चढवता एवढं काम तिनं केलं. त्या संध्याकाळी झोपाळ्यावर तिच्या शेजारी बसताना मला आपण फार मोठ्या माणसाजवळ बसलोय असं वाटत होतं.

झोपाळ्यावर आम्ही रोजच बसतो. सकाळी कॉफीला, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर. नऊ फुटांची सागवानी फळी, आम्ही दोघं मधोमध, माझा डावा गुडघा तिच्या उजव्या गुडघ्याला लागलेला. लग्नानंतर वडीलधारी माणसं समोर असल्यामुळे एवढंच जवळ बसता यायचं आणि तीच सवय पुढे राहिली. त्या संध्याकाळी मात्र गुडघा लागला नाही. मध्ये चार बोटं जागा होती. माझी नजर मोजणीदाराची, अर्ध्या इंचाचीही चूक होत नाही.

बाराव्या दिवशी कळशी रिकामी करताना मी तिसऱ्या टाकीकडे पाहिलं आणि हात थांबला. मासे घोळक्यात नव्हते. पण पहिल्या टाकीसारखे विस्कटलेलेही नव्हते. बारा मासे बारा जागी स्थिर उभे होते, प्रत्येकापासून दुसरा बरोबर एक वीत दूर, कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही. शेताच्या हद्दीवर आम्ही दगड रोवायचो ते असे असायचे. एक मासा थोडा पुढे सरकला, त्याबरोबर उरलेले अकरा तितकेच सरकले आणि पुन्हा मध्ये तीच एक वीत राहिली.

मी वेदवतीला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

"तीन दिवस जाले," ती म्हणाली. "तुम्हांस सांगितलें नाहीं."

"कां?"

ती वही उघडून आकडा लिहायला लागली. एवढ्या वर्षांत माझा प्रश्न तिनं अनुत्तरित ठेवल्याची ही पहिलीच वेळ असावी.

तिनं विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं, नवे बारा मासे आणवून पुन्हा तिसऱ्या टाकीत सोडले, आणि तेही चार दिवसांत एकेक वीत लांब झाले. तिकडे झोपाळ्यावरही चार बोटांची एक वीत झाली होती. मग दीड वीत. मी बसलो की ती आपली जागा सोडून आणखी पलीकडे जात असणार, असा मी हिशेब केला, कारण मी माझ्या जागी असायचो. म्हटलं, कामाच्या तंद्रीत असेल. म्हटलं, उकडतंय. पण आतून मला वाईट वाटत होतं, लपवण्यात काय अर्थ आहे? जिच्या जवळ बसण्यासाठी मी दिवसभर संध्याकाळची वाट बघतो, ती माझ्यापासून बोटाबोटानं लांब जात होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता.

त्या गुरुवारी मठात प्रसादाला पंगत बसली. माझ्या शेजारी विजयराघव, तीस वर्षांपासूनचा माझा मित्र. नेहमी आमची पानं एकमेकांना लागलेली असतात आणि तो माझ्या पानातला पापड हळूच उचलतो. आज मध्ये आणखी एक पान मावलं असतं.

"कां रे," मी थट्टेनं म्हटलं, "माझ्या अंगास वास येतो काय?"

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "व्यासा, तूंच कीं..." एवढं बोलून तो साराचा भात कालवायला लागला. मी आजूबाजूला पाहिलं. पंगतीत बाकी सगळे दाटीवाटीनं बसले होते.

मी घरी आलो तो डोक्यात राख घालून. वेदवती झोपाळ्यावर बसली होती. मी जाऊन बसलो, तर आमच्यात एक हाताचं अंतर! मग माझा तोल सुटला. जे इतके दिवस गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"एकेचाळीस वर्षें जालीं वेदा, माझें काय चुकलें तें एकदां सांगून टाक! कंटाळा आला असेल तर तसें म्हण. पण हें रोज एक बोट, दोन बोटें लांब सरकणें मला सोसवत नाहीं!"

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. आणि मग तिचे डोळे भरून आले. ही बाई बाप गेला तेव्हाही माणसांदेखत रडली नव्हती.

"मीं सरकलें नाहीं," ती म्हणाली.

तिनं उठून संगणक आणला आणि झोपाळ्यावर माझ्या मांडीशी ठेवला. मी छताकडे पाहिलं. झोपाळ्याच्या कड्यांमध्ये दुसऱ्या टाकीवरचा कॅमेरा टांगलेला होता. किती दिवस होता कोण जाणे, मी वर बघितलंच नव्हतं. पडद्यावर वरून दिसणारा आमचा झोपाळा होता, माझं टक्कल आणि तिच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा. श्रीरंजनीनं एकोणीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ एकापुढे एक लावल्या होत्या. पहिल्या दिवशी दोघं मधोमध. मग टक्कल सरकतं. हळूच, फुलपात्र उचलता उचलता, बोलता बोलता, मागे वळून न बघता सरकतं. अंबाडा थोडा थांबतो आणि त्याच्या मागून जातो. टक्कल पुन्हा सरकतं. शेवटच्या संध्याकाळी मी फळीच्या अगदी टोकाला साखळीला टेकून बसलो होतो, आणि ती तिची जागा सोडून, मधली जागा ओलांडून, माझ्या बाजूला येऊन बसली होती. तिच्या मागे चार फूट झोपाळा मोकळा होता.

रोज ती माझ्याकडे आली होती. मी मोजलं ते अंतर तिनं तेवढं कापल्यानंतर उरलेलं होतं.

मला यातलं काहीही आठवत नाही. मी हललो असं माझ्या अंगाला एकदाही जाणवलं नव्हतं.

"पाणी?" मी विचारलं.

"पाण्याचा कागद काल आला," ती म्हणाली. "कांहीं नाहीं त्यांत. तांबें आहे तें कोठल्याही विहिरींत असतें तितकेंच. शिसें नाहीं, जस्त नाहीं. पिण्यास योग्य म्हणून लिहिलें आहे."

"मग मासे कां लांब जातात?"

"मला ठाऊक नाहीं." हे तीन शब्द ती ज्या सरळपणानं म्हणाली त्यासाठी मी तिच्या पाया पडलो असतो. मोठमोठे लोक असल्या वेळी काहीतरी ठोकून देतात.

"आणि माणसास तसली रेघ असते काय?"

"नाहीं. माणसास तसली रेघच नसते."

नंतरचे दोन दिवस ती काही बोलली नाही, आणि ती का बोलत नाही ते मला कळत होतं. तिसऱ्या टाकीतलं विहिरीचं पाणी काढून तिनं नळाचं पाणी भरलं होतं. माझ्या बाबतीतही तेवढाच उपाय होता. पण छप्पन्न वर्षांचा नेम, बापाला दिलेला शब्द, तो मोड असं तिनं मला कसं सांगावं? हक्क सगळ्यांत जास्त तिचा होता, आणि तरी तिनं तोंडातून शब्द काढला नाही. ती नुसती रोज झोपाळ्यावर येऊन बसायची, मी जिथे असेन त्याच्या जितकं जवळ येता येईल तितकी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी संध्या आटोपली, विहिरीकडे गेलो नाही, सरळ स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली फुलपात्र धरलं. देवाची क्षमा मागितली, बापाची मागितली. वेदवती भाजी चिरत होती, तिची विळी थांबली. मी गटागटा पाणी प्यायलो. त्याला लोखंडाची थोडी चव होती, दुसरं काही नाही.

"वेडे आहां," ती पुटपुटली, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा भाजी चिरायला लागली. तिच्यासाठी मी केलेली ही एकच मोठी गोष्ट. तिनं माझ्यासाठी केलेल्यांची मोजदाद कोण करणार?

आणि गुण येऊ लागला! पाचव्या दिवसापासून मला फरक जाणवला. झोपाळ्यावर आमच्यात वीतभर अंतर राहिलं, मग चार बोटं, मग दोन. आठव्या दिवशी गुडघ्याला गुडघा लागला. तिच्या लुगड्याची ऊब मला कळली, आणि मला अक्षरशः हुंदका फुटला. त्याच सकाळी तिसऱ्या टाकीत बाराही मासे एका मुठीत मावतील असे एकत्र फिरताना मी पाहिले. ओरडतच तिला बोलावलं. "बघ, बघ, तुझे केंडै परत आले!" ती आली, काचेजवळ वाकून बराच वेळ बघत राहिली, आणि वहीत आकडा लिहून निघून गेली. तिचं असंच असतं, पुरी खात्री झाल्याशिवाय आनंद करायचा नाही. मी तिच्या वाटचाही आनंद करून घेतला. विजयराघवला फोन करून सांगितलं की पुढच्या गुरुवारी तुझा पापड मीच खाणार. श्रीरंजनी आली तेव्हा तिला म्हटलं, "पोरी, तुझ्या बाईंनीं मला वांचवलें." ती हो म्हणाली, पण माझ्याकडे न बघता वेदवतीकडे बघून. दमली असेल बिचारी.

अकराव्या दिवशी वेदवती म्हणाली, "साक्कोट्टैस जाऊन येऊं. तळ्यांतले मासे उघड्यावर कसे राहतात तें मला एकदां नीट बघायचें आहे." आम्ही रिक्षानं गेलो. सकाळची दहाची वेळ. देवळात गर्दी नव्हती, तळ्यावर तर कुणीच नव्हतं. पायऱ्यांच्या दगडांवर ऊन पडलेलं, पाणी हिरवट पण नितळ. ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि तिनं चुरमुऱ्यांची पुडी सोडली. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो, अगदी खेटून. देवासमोर, दिवसाढवळ्या, म्हातारपणी! मला कुणाची पर्वा नव्हती.

चुरमुरे पाण्यावर पडताच मासे आले. शेकडो. इतके दाट की पाण्याचा तळ दिसेना.

"ऐयो, काय हें जवळ जवळ!" मी म्हणालो. "वेदा, हें तूं जगाला दाखवायला हवें. पाण्याचें दुःख माशांच्या अंतरांवरून वाचणारी तूं पहिली. मला काय वाटतें सांगूं? मी चौतीस वर्षें मोजणी केली, पण मोजणें म्हणजे काय तें तुझ्याकडून शिकलों."

ती पाण्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते आनंदाचं असणार असं मी धरून चाललो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. तिच्या साडीचा काठ माझ्या तळहाताखाली होता, दगडावरच्या ओलीनं थोडा भिजलेला. मी तो मुठीत धरला.

"या ना," ती म्हणाली.

"आलों आहें कीं. बघ, एक बोटही जागा नाहीं."

"असे नका करूं. इकडे या." तिचा आवाज जरा मोठा होता, शेजारच्या माणसाशी कुणी इतक्या मोठ्यानं बोलत नाही.

मग तिनं उजवा हात दगडावर टेकला, अंग तिरकं केलं, आणि डावा हात माझ्याकडे लांब केला. खांद्यापासून, कोपर ताणून, बोटांच्या टोकांपर्यंत. ती आणखी वाकली. तिच्या बोटांच्या टोकापासून माझ्यापर्यंत तीन हात कोरडा, उन्हात तापलेला दगड होता.

मी माझ्या मुठीकडे पाहिलं नाही. काठ अजून मुठीत होता, ओला, आणि हळूहळू ऊबदार होत होता.